पावसाची वही : मावळच्या शाळांत हवामानबदलाचा पाठ

हवामानबदल हा विषय प्राथमिक शाळेत शिकवावयाचा म्हटले म्हणजे पुष्कळ वर्गांत एकच चित्र दिसते. फळ्यावर पृथ्वीचा गोल काढला जातो, त्याच्या तोंडात तापमापक दिला जातो, ध्रुवप्रदेशातील वितळणाऱ्या बर्फाविषयी चार वाक्ये सांगितली जातात आणि झाडे लावण्याच्या घोषणेने तास संपतो. मुले ती वाक्ये पाठ करतात व विचारल्यास बिनचूक म्हणूनही दाखवितात. परंतु ज्या मुलाने बर्फ पाहिला तो केवळ गोळ्याच्या गाडीवर, त्यास ध्रुवावरील बर्फाचे काय वाटावे? मावळातील शिक्षकाजवळ ह्याहून पुष्कळ चांगले साधन आहे. ते म्हणजे येथील पाऊस.

पर्यावरणाचे शिक्षण शाळांतून दिले जावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला आणि २००३ साली त्याची अंमलबजावणी करण्याविषयी पुन्हा बजावले. परिसर अभ्यासाच्या पुस्तकांतून हा भाग आज शिकविला जातो. २ ऑक्टोबर २०२० पासून राज्य शासनाचे ‘माझी वसुंधरा’ अभियानही सुरू झाले; भूमी, जल, वायू, अग्नी व आकाश ह्या पंचमहाभूतांवर त्याची उभारणी केलेली आहे. तेव्हा आदेशांची उणीव नाही. उणीव आहे ती मुलाला स्वतःच्या हाताने करता येईल अशा कामाची. प्रस्तुत लेखात असे एकच काम सुचविले आहे, आणि इयत्ता चौथी व पाचवीचे वर्ग डोळ्यांसमोर ठेवून त्याचा विचार केला आहे.

आगगाडीच्या वाटेवरचा पाऊस

लोणावळ्यास वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पुणे लोहमार्गाने सुमारे ६५ किलोमीटरवर आहे. पुण्यात वर्षाचा पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर. एवढ्या थोड्या अंतरात एवढा फरक पडावा ही गोष्ट जगाच्या पाठीवर फार थोड्या मुलांना घरबसल्या पाहावयास मिळत असेल. शिक्षकाने फळ्यावर एक आडवी रेघ ओढावी व तिच्यावर लोणावळा, मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव ही स्थानके ओळीने मांडावीत. लोकलने गेलेली मुले ती स्वतःच सांगतील. नंतर विचारावे : लोणावळ्यास धो धो पाऊस कोसळत असताना तळेगावला नुसते मळभ असते, असे कोणी पाहिले आहे काय? बहुधा निम्मा वर्ग हात वर करील.

समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे सह्याद्रीचा कडा चढतात, वर जाताना थंड होतात, घाटमाथ्यावर आपले पाणी टाकतात आणि पुढे हलके होऊन पठारावर उतरतात. हे स्पष्टीकरण पुस्तकात आहेच. परंतु स्थानकांची ओळ पाहिल्यानंतर ते सांगितले, तर मुलाला ते आपल्याच गावाविषयी आहे असे वाटते. आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ ह्या तिन्ही खोऱ्यांतील मुलांनी आपापले गाव कड्यापासून किती दूर आहे ते सांगावे, व त्यावरून पाऊस कोठे अधिक पडत असेल ह्याचा आधी अंदाज करावा. अंदाज आधी लिहून ठेवावा. मागाहून मोजलेल्या आकड्यांशी तो ताडून पाहण्यात मुलांना जी गोडी वाटते ती नुसत्या माहितीत वाटत नाही.

मोजण्याचे भांडे

पर्जन्यमापक विकत आणण्याची गरज नाही. सरळ उभ्या बाजूंचे कोणतेही भांडे चालते. पोट सुटलेले किंवा गळा आवळलेले चालत नाही. येथे पहिला खरा पाठ आहे. एक रुंद पातेले व एक अरुंद डबा, दोन्ही सरळ बाजूंचे, पावसात शेजारी शेजारी ठेवावेत. रुंद पातेल्यात पाणी अधिक साचले, म्हणून तेथे ‘पाऊस जास्त झाला’ असे मुले म्हणतील. मग दोहोंत पट्टी बुडवून खोली मोजावी. ती सारखीच भरते. पाऊस हा लिटरांत न मोजता उंचीत का मोजतात, हे ह्या एका प्रयोगाने समजते. शब्दांनी समजाविण्यास अर्धा तास लागला असता. तिसरे भांडे म्हणून कळशी ठेवल्यास तीत खोली का चुकते हा प्रश्न मुलेच सोडवितील.

भांडे उघड्या जागी, पाण्याचे शिंतोडे आत उडणार नाहीत असे, जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच काठ राहील अशा बेताने पक्के बसवावे. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर ते असावे. हवामानखात्याचा दिवस सकाळी साडेआठ वाजता मोजला जातो; आपणही तीच वेळ धरावी. ज्या दिवशी मोजले त्या दिवसाची तारीख लिहावी, व त्याआधीच्या चोवीस तासांचा तो पाऊस समजावा.

घाटमाथ्यावरील शाळांनी एका अडचणीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. पाण्याची बाटली कापून केलेले मापक पुस्तकांतून नेहमी सुचविलेले असते. परंतु तिची सरळ बाजू जेमतेम वीस सेंटिमीटर भरते, आणि लोणावळा परिसरात आषाढ-श्रावणात एका दिवसात २०० मिलिमीटरची मजल गाठली जाते. बाटली ओसंडून वाहते, आणि ज्या दिवसाची नोंद सर्वांत महत्त्वाची तोच दिवस वहीत खोटा पडतो. म्हणून तेथे उंच डबा घ्यावा, किंवा जोराच्या पावसाच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ दोनदा मोजून बेरीज करावी. भांडे ओसंडलेच तर ‘ओसंडले, यापेक्षा अधिक’ असे स्वच्छ लिहावे. अंदाजाने आकडा भरू नये. वही बिनचूक ठेवण्याची ही सवय मुलाला पुढे कोणत्याही शास्त्रात उपयोगी पडते.

विजा चमकत असताना मुलास मापकाकडे पाठवू नये, आणि ओढ्यानदीच्या काठी मापक मुळीच ठेवू नये, हे सांगावयास नको.

हवा व हवामान

आजची हवा निराळी आणि प्रदेशाचे हवामान निराळे. वर्तमानपत्रे हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, म्हणून शिक्षकाने वर्गात तरी ते काटेकोरपणे वापरावेत. शास्त्रज्ञ एखाद्या ठिकाणचे हवामान ठरविण्यासाठी सामान्यतः ३० वर्षांच्या नोंदींची सरासरी धरतात. आजोबांना ‘पूर्वी मृग कसा लागत असे’ असे विचारले तर ते सांगतील ते मोलाचे असते, परंतु ती आठवण असते. मोठ्या पावसाची वर्षे मनात राहतात आणि साधी वर्षे विसरली जातात. मुलांनी आजोबांचे सांगणे अवश्य लिहून घ्यावे, व त्याखाली ‘आठवणीवरून’ असा शेरा द्यावा. तारखेशेजारी नक्षत्राचे नाव लिहिल्यास घरची मंडळीही वहीत डोकावतील. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही शेतकऱ्यांची पंचांगे मुलांना घरूनच पाठ असतात, आणि भाताचे रोप टाकणे व लावणी ही कामे त्यांवरच ठरत आलेली आहेत.

२०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबई-पुण्यास पोहोचला. नेहमी तो जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो. मे महिन्याच्या अखेरीस शाळांना सुटी असते, आणि वही कपाटात बंद असल्यास अशा वर्षाचा आरंभच नोंदीतून निसटतो. म्हणून सुटीत वही व भांडे शाळेजवळ राहणाऱ्या दोघा-तिघा मुलांकडे सोपवावे. एक वर्ष पाऊस लवकर आला, एवढ्यावरून हवामान बदलले असे म्हणता येत नाही, हेही त्याच वेळी सांगावे. मुले निराश होतील. ‘मग आमच्या वहीचा उपयोग काय?’ असे एखादी चुणचुणीत मुलगी विचारील. तिला उत्तर द्यावयाचे ते असे की एका वर्गाच्या वहीचा ह्या कामी उपयोग थोडा. शाळेच्या वहीचा पुष्कळ. २०२५ साली चौथीत असलेले मूल २०५५ साली चाळिशीच्या उंबरठ्यावर असेल. तोवर वही चालली तर आपल्या गावाच्या पावसाविषयी सरासरी काढून बोलण्याचा अधिकार त्या गावास असेल.

नेमके हेच अवघड आहे. शिक्षकाची बदली होते, नवे शिक्षक येतात, आणि जुन्या उपक्रमाचे सामान अडगळीत पडते. पावसाची वही शिक्षकाची न मानता शाळेच्या दप्तराची मानावी, कार्यभार देता-घेताना यादीत तिचे नाव असावे, आणि दर वर्षी पाचवीच्या मुलांनी ती चौथीच्या मुलांस वापर समजावून सोपवावी.

पाऊस का बदलतो

मोठ्या अभ्यासांचा आधार शिक्षकाने येथे घ्यावा. पुण्यात पाषाण येथे असलेल्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ ह्या काळात मध्य भारताच्या विस्तृत पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतितीव्र पावसाच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे त्यात आढळले. हा अभ्यास आपल्याच जिल्ह्यातील संस्थेचा आहे, हे मुलांस आवर्जून सांगावे. एकंदर पाऊस वाढला असा ह्याचा अर्थ नव्हे. पाऊस थोड्या दिवसांत गोळा होऊन कोसळतो आणि मधले दिवस कोरडे जातात, अशी त्याची तऱ्हा आहे. भाताच्या रोपाला दोन्ही गोष्टी घातक असतात.

कारण सांगताना मावळातील फुलांची हरितगृहे उपयोगी पडतात. गुलाबाच्या शेतीची कापडासारख्या पारदर्शक आच्छादनाची घरे पवन मावळात व तळेगावकडे मुलांनी पाहिलेली असतात. मालकाच्या परवानगीने क्षणभर आत नेल्यास उबेचा अनुभव येतो. कोळसा व तेल जाळल्याने निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायू पृथ्वीभोवती असेच काहीसे काम करतो, म्हणून त्यास हरितगृह वायू म्हणतात. हा दाखला मात्र थोडा लंगडा आहे. फुलांच्या घरात ऊब राहते ती मुख्यतः आतील गरम हवा बाहेर जाऊ शकत नाही म्हणून. वायू ऊब राखतो ती पृथ्वीकडून आकाशात जाणारी उष्णता स्वतःत शोषून आणि तिचा काही भाग परत देऊन. वरच्या इयत्तांत हा भेद सांगावा. कारखानदारीपूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत ह्या वायूचे सुमारे २८० भाग होते. आता ते ४२० च्या पुढे गेले आहेत, आणि पृथ्वीचे सरासरी तापमान एक अंशाहून अधिक वाढले आहे. हवा एक अंशाने तापली म्हणजे ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. अधिक धरते म्हणून, ओतते तेव्हा अधिक ओतते.

भातखाचरांतील साचलेल्या पाण्यातूनही मिथेन नावाचा असाच एक वायू निघतो. हे खरे असले तरी शेतकऱ्याच्या मुलाला त्यावरून अपराधी वाटू देणे हा अन्याय होईल. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी तांदूळ पिकविणाऱ्या घरांचा ह्या तापमानवाढीतील वाटा अत्यल्प आहे, व तिची झळ मात्र त्यांनाच आधी लागते.

प्रत्येक आपत्तीचे खापर एकावर नको

हा विषय शिकविताना सर्वांत मोठा मोह असतो तो प्रत्येक दुर्घटना हवामानबदलाच्या माथी मारण्याचा. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला व चार जणांचा मृत्यू झाला. त्याची कारणे पुलाच्या अवस्थेत व गर्दीत शोधावयास हवीत. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणानजीकच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. तेथे पाण्याच्या अचानक वाढणाऱ्या लोंढ्याची जाणीव नसणे हे कारण जवळचे आहे. उलट, ३० जुलै २०१४ रोजी आपल्याच जिल्ह्यातील माळीण गाव, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखालची इरशाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हा तीव्र पाऊस हे एक कारण होते. डोंगराचा उतार, माती व जमिनीची स्थिती ही आणखी कारणे होती. खाचरात मुरूम टाकून घरे बांधली की बांध नाहीसे होतात, आणि जे पाणी खाचरात थांबत असे ते रस्त्यावरून धावते. तेथे आकाशाकडे बोट दाखविणे ही पळवाट ठरते. शिक्षकाने मुलांकडून प्रत्येक घटनेसाठी ‘ह्यात आकाशाचे किती, माणसाचे किती’ असे दोन रकाने भरून घ्यावेत. उत्तरे वादाची ठरतील. ठरू द्यावीत.

डोंगरपायथ्याच्या वाड्यांतील मुलांपुढे दरडीचा विषय काढताना त्यांना घाबरवू नये; काय पाहावे ते शिकवावे. जमिनीस पडलेली नवी भेग, कललेली झाडे वा खांब, एकाएकी गढूळ झालेला किंवा नव्याने फुटलेला झरा, ही लक्षणे दिसताच घरी व शाळेत सांगावे. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक वहीच्या पहिल्याच पानावर लिहावा. पावसाचा आकडा येथे निव्वळ अभ्यासाचा राहत नाही : सलग दोन-तीन दिवस मोठे आकडे आले तर वाडीतील मोठ्या माणसांनी सावध व्हावे, हे सांगण्याचे काम वही बाळगणारी मुले करू शकतात.

मुलांनी काय करावे

ऑगस्ट २०१८ मध्ये स्वीडनमधील पंधरा वर्षांची ग्रेटा थुनबर्ग शाळा सोडून संसदेबाहेर बसली, आणि वर्षभरात अनेक देशांतील मुले रस्त्यावर आली. मुले वृत्तपत्रांतून व मोबाइलवरून हे पाहतात आणि विचारतात. ह्या प्रश्नास ‘ते मोठ्यांचे काम’ असे उत्तर देऊन चालणार नाही, तसेच दहा वर्षांच्या मुलांच्या हाती मोठ्यांनी लिहिलेले फलक देऊन मिरवणूक काढणेही योग्य नव्हे. आपल्या राज्यातील एक उदाहरण अधिक बोलके आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरे परिसरात मेट्रोच्या आगारासाठी रात्री झाडे तोडण्यास आरंभ झाला. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांस पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रासच याचिका मानले व ७ ऑक्टोबर रोजी तोड थांबविली. एका पत्राने एवढे होऊ शकते. तोपर्यंत २,१०० हून अधिक झाडे तोडून झाली होती, हेही मुलांस सांगावे.

अर्जलेखन प्राथमिक शाळेत शिकविले जाते, परंतु बहुधा कल्पित विषयावर. पावसाच्या वहीने त्यास खरा विषय मिळतो. समजा, शाळेचे छप्पर ९ मीटर लांब व ६ मीटर रुंद आहे. त्याचे क्षेत्रफळ ५४ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर, म्हणून १०० मिलिमीटरच्या एका दिवसात छपरावर ५,४०० लिटर पाणी पडते. पंधरा लिटरचा हंडा धरला तर ३६० हंडे. चौथीच्या गणिताच्या तासाला हे सोडवून घ्यावे. ज्या वस्तीवर चैत्र-वैशाखात बाया डोक्यावर हंडे घेऊन चालतात, तेथील मुले हा हिशेब दोनदा तपासून पाहतील. मग त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीस अर्ज लिहावा, तो असा असावा :

‘आम्ही इयत्ता पाचवीचे विद्यार्थी रोज सकाळी पाऊस मोजतो. आमच्या शाळेच्या छपरावर जुलै महिन्यात किती पाणी पडले त्याचा हिशेब सोबत जोडला आहे. त्यातील थोडे तरी टाकीत साठविता यावे यासाठी छपरास पन्हळ बसवावी, ही विनंती.’

शिक्षकाने शुद्धलेखन तपासावे. मजकूर बदलू नये. अर्ज मंजूर होईल असे आश्वासनही देऊ नये. त्याचे काय झाले ह्याची पोहोच मात्र मुलांनी मागावी, आणि तारखेसह वहीत लिहावी. वृक्षारोपणाचेही तसेच. जून-जुलैत लावलेली रोपे मोजण्याची प्रथा सर्वत्र आहे. मावळात अतिपावसाने काही कुजतात आणि उरलेल्यांतील काही एप्रिलच्या उन्हात वाळतात. शाळेने रोपांची गणती एप्रिलमध्ये करावी, व तोच आकडा खरा धरावा.

गांधी जयंतीच्या, म्हणजे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत पाऊस बहुतेक सरलेला असतो. त्या सभेत पाचवीतील एका विद्यार्थ्याने गावाच्या पावसाचा हिशेब वाचून दाखवावा : एकूण किती, ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस किती दिवस झाला, सलग कोरडे दिवस किती गेले. ६५ मिलिमीटर हा आकडा ह्यासाठी की महसूल खाते त्यावर अतिवृष्टी समजते. लोणावळ्याच्या वहीत असे दिवस पुष्कळ निघतील, तळेगावच्या वहीत थोडे; एकाच आकड्याचा अर्थ दोन ठिकाणी निराळा कसा, ह्यावर ग्रामसभेतील वडीलधारी मंडळीही बोलू लागतील. त्याच पानाची एक प्रत केंद्राच्या शिक्षण परिषदेत न्यावी. लोणावळा, मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव येथील शाळांचे आकडे तेथे एका कागदावर ओळीने लिहावेत, आणि मुलांनी जूनमध्ये केलेले अंदाज त्यांच्याखाली मांडावेत.